‘गरज होती हो’ म्हणजे नेमकं काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात युद्धकैद्यांवर दोन पानं लिहिली आणि ओघात ‘लष्करी गरज’ हा शब्द टाकून पुढे निघून गेले, तर पत्रांचा ढीग आलाय आणि त्यातली निम्मी तरी त्या एका शब्दावर. म्हटलं मग या वेळी दुसरं काहीच नको, हेच घेऊ. पत्रं थोडी कापलीत, रागावू नका, एकाचं तर नऊ पानी होतं आणि त्यातली सात पानं मला शिव्या होत्या.

ताई, तुम्ही नियम नियम करता पण युद्ध म्हणजे मुळात माणसं मारणंच ना? एकदा मारायचं ठरलं की कसं मारलं याला काय अर्थ? आणि गरज पडली की सगळेच नियम गुंडाळून ठेवतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. – एक निवृत्त कारकून

काका, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय. गुंडाळून ठेवतात हे खरंय, नाही कोण म्हणतंय. पण ‘गरज पडली की नियम संपले’ ही समजूत मुळातच उलटी आहे, कारण ‘लष्करी गरज’ हा शब्द कायद्यात पहिल्यांदा नीट लिहिला गेला तो सैन्याला मोकळं सोडायला नाही, बांधायला.

झालं असं की अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि उत्तरेच्या सैन्याला कैद्यांचं काय करायचं, शत्रूच्या शेताचं काय करायचं, हेर पकडला तर काय करायचं याचा धड नियमच नव्हता, मग ते काम फ्रान्सिस लीबर नावाच्या प्रोफेसरकडे गेलं. आता प्रोफेसर म्हटलं की आपल्याला वाटतं पुस्तकी किडा असणार, पण हा गडी पोरवयात नेपोलियनविरुद्धच्या मोहिमेत जखमी झालेला, आणि या यादवीत त्याचा एक मुलगा दक्षिणेकडून लढताना मेला तर दुसऱ्याचा उत्तरेकडून लढताना हात गेला. म्हणजे घरातच दोन्ही बाजू. त्याने लिहिलेली १५७ कलमं २४ एप्रिल १८६३ ला लिंकनच्या सरकारने सैन्याला हुकूम म्हणून काढली. त्यातलं १४ वं कलम बघा (शब्द माझे आहेत, आशय त्याचा): युद्धाचं उद्दिष्ट गाठायला ज्याच्यावाचून चालणारच नाही, आणि जे युद्धाच्या कायद्यात बसतं, ते म्हणजे लष्करी गरज. सगळी गंमत त्या मधल्या ‘आणि’ मध्ये आहे. ज्याच्यावाचून चालणार नाही एवढंच पुरत नाही, कायद्यातही बसलं पाहिजे. दोन कलमं पुढे तर सरळच लिहिलंय की सूड म्हणून दुःख देणं, कबुली काढायला छळ करणं, विष वापरणं, उगाच अख्खा मुलूख उजाड करणं, हे गरजेच्या नावाखाली चालणार नाही.

आणि लीबर काही संत नव्हता. शत्रूला, मग तो हत्यारबंद असो की नसो, उपाशी ठेवून लवकर शरण आणणं त्याच्या कलमांत चालत होतं. आज नाही चालत, जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या प्रोटोकॉलमध्ये नागरिकांची उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून बंद केलंय. म्हणजे रेघ सरकत आलीय, पण रेघ होती.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. रशियन सैन्याने १८६० च्या दशकात एक गोळी काढली, शत्रूच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडवायला, कडक वस्तूवर आपटली की फुटायची. मग त्यात सुधारणा केली तर ती मऊ वस्तूवर आपटूनही फुटायला लागली. मऊ वस्तू म्हणजे काय ते सांगायला नको. तर रशियानेच बाकीच्या देशांना सेंट पीटर्सबर्गला बोलावलं आणि १८६८ मध्ये ठरलं की ४०० ग्रॅमच्या आतलं फुटणारं किंवा पेटणारं प्रोजेक्टाइल आपसातल्या लढाईत वापरायचं नाही. कारण काय दिलं, तर युद्धात शत्रूचं सैन्य कमजोर करणं एवढंच योग्य उद्दिष्ट, आणि त्यासाठी माणूस लढाईतून बाद झाला की पुरे, त्याच्या अंगात गोळी फोडून मरण अटळ करायची काही गरजच नाही. सैन्यवाले बसून, मोजून मापून, ग्रॅममध्ये ठरवतायत की गरज कुठे संपते! हे भाबड्या लोकांचं काम नाही काका.

तुम्ही म्हणताय तो विचारही होता बरं का, जर्मनीत. युद्धाची निकड युद्धाच्या रीतीपेक्षा वरचढ, असं तिथे पुस्तकात लिहून शिकवायचे. ४ ऑगस्ट १९१४ ला तटस्थ बेल्जियममध्ये सैन्य घुसवताना जर्मन चॅन्सेलर बेथमान होल्वेग संसदेत म्हणाला की गरजेला कायदा नसतो. आपल्याकडे म्हणतात गरजवंताला अक्कल नसते, त्याचाच भाऊ. पण त्याच भाषणात त्याने हेही कबूल केलं की आम्ही करतोय तो अन्याय आहे आणि नंतर भरून देऊ. म्हणजे कायदा मोडतोय हे त्यालाही माहीत होतं.

नकाशा पसरून बोलणं सोपं असतं मॅडम. समोरून गोळ्या येत असतात तेव्हा आपल्या पोरांचा जीव की एखादी जुनी इमारत, यात काय निवडणार? मी तरी विचार करणार नाही. – माजी सैनिक

तुमच्यासारखंच दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जनरल आयसेनहॉवर म्हणाला होता. २९ डिसेंबर १९४३ चं पत्र आहे, इटलीतल्या सगळ्या कमांडरांना. प्रसिद्ध इमारत आणि आपली माणसं यात निवड करायची वेळ आली तर माणसांचा जीव कितीतरी पटीने मोठा आणि इमारत गेली तरी चालेल, असं त्याने स्पष्ट लिहिलंय.

पण पत्र तिथे संपत नाही, आणि मला पुढचंच जास्त महत्त्वाचं वाटतं. तो म्हणतो निवड नेहमी इतकी सरळ नसते, पुष्कळदा इमारत वाचवूनही काम भागतं, आणि ‘लष्करी गरज’ हा शब्द कधीकधी अशा जागी वापरला जातो जिथे ‘लष्करी सोय’ म्हणणं जास्त खरं झालं असतं, किंवा नुसती ‘माझी सोय’. हे लिहिणारा एक जनरल आहे, मानवाधिकारवाला नाही. मला वाटतं या विषयावर त्याच्या इतकं थोडक्यात कुणी बोललेलं नाही.

आणि मग दीड महिन्यात काय झालं बघा. मोंते कॅसिनोच्या डोंगरावर सहाव्या शतकातला मठ, खाली दोस्त राष्ट्रांचं सैन्य महिनाभर अडकून पडलेलं, वर डोक्यावर ती भिंत, आणि खाली प्रत्येकाला वाटतंय की मठाच्या खिडकीतून जर्मन आपल्याकडे बघतोय. तुम्ही सैन्यात होतात, तुम्हाला ते ‘वरून बघतोय’ वाटणं माझ्यापेक्षा जास्त कळेल. १५ फेब्रुवारी १९४४ ला बॉम्ब टाकून मठ पाडला. नंतर कळलं की मठाच्या आत जर्मन सैनिक नव्हते, आसरा घेतलेले गावकरी होते, ते मेले. आणि पडझड झाल्यावर मात्र जर्मन त्या ढिगाऱ्यात शिरले, कारण लपून लढायला ढिगाऱ्यासारखी जागा नाही. मठ हातात यायला १८ मे उजाडला.

तर पोरांचा जीव की इमारत हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्या आधी एक प्रश्न असतो, की इमारत पाडल्याने पोरांचा जीव वाचणार आहे हे कुणी तपासलं का? कॅसिनोला त्याचं उत्तर फार वाईट आलं. यात खालच्या सैनिकाला मी दोष देत नाही.

मॅडम, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला रेंडुलिक आणि ‘एक’ (हे आडनाव आहे, Eck) या दोन केसेस आहेत. रेंडुलिकने अख्खा प्रांत जाळला आणि सुटला, ‘एक’ने एका जहाजाची माणसं मारली आणि त्याला गोळ्या घातल्या. दोघांचाही बचाव ‘गरज होती’ हाच. हा कुठला न्याय? – चक्रावलेली

छान प्रश्न आहे ग, आणि चक्रावलीस हे चांगलंच झालं, जो चक्रावत नाही त्याने केस वाचलेली नसते. बाकीच्यांसाठी आधी गोष्ट सांगते.

१९४४ चा ऑक्टोबर, नॉर्वेचं अगदी वरचं टोक, फिनमार्क. लोथार रेंडुलिक हा जर्मन जनरल, त्याचं सैन्य माघार घेतंय आणि मागून रशियन येतायत. हिटलरचा हुकूम सुटला की लोकांना जबरदस्तीने हलवा आणि मागे काही ठेवू नका, दग्धभू करा. आणि हे उत्तर ध्रुवाजवळच्या हिवाळ्याच्या तोंडावर! साधारण ५०,००० लोक हलवले, हजारो लोक गुहांमध्ये, झोपड्यांमध्ये लपून राहिले, घरं जाळली ती साधारण ११,०००. हॅमरफेस्ट नावाचं गाव आहे तिथलं, त्यात शेवटी उभं काय राहिलं तर दफनभूमीतलं प्रार्थनाघर, बास. बाकी सगळं सपाट.

आणि रशियन मागे आलेच नाहीत. म्हणजे आले ते सीमेपलीकडे थोडं आत येऊन थांबले, ज्या पाठलागाच्या भीतीने हे सगळं जाळलं तो पाठलाग झालाच नाही.

आता न्युरेंबर्गला, जिथे युद्धानंतर जर्मन आरोपींवर खटले चालले, तिथे १९४८ मध्ये कोर्टाने काय म्हटलं ते नीट वाच. कोर्ट म्हणतं, आज मागे वळून बघितलं तर एवढ्या जाळपोळीची गरज नव्हती हे उघड आहे. पण आम्ही आज काय दिसतं ते बघणार नाही, त्या दिवशी त्या माणसाला काय दिसत होतं ते बघणार. त्याच्या हातात जी माहिती होती तिच्यावरून तो प्रामाणिकपणे त्या निष्कर्षाला येऊ शकत होता, त्याचा अंदाज चुकला असेल, पण चुकलेला अंदाज म्हणजे गुन्हा नाही. या आरोपातून तो सुटला. लक्षात ठेव, या आरोपातून. ओलीस धरून मारण्याच्या वगैरे आरोपांत त्याला २० वर्षं झाली, नंतर कमी करून १० केली आणि १९५१ ला तो बाहेर आला. ‘रेंडुलिक सुटला’ असं जे नोट्समध्ये असतं ना ते अर्धवट आहे, परीक्षेत लिहू नकोस. अजून एक, तोच जाळपोळीचा हुकूम खाली पाठवणारा जनरल योड्ल, नाझी नेत्यांवरच्या न्युरेंबर्गच्या मोठ्या खटल्याच्या निकालात या हुकमाचा उल्लेख आहे आणि त्याला फाशी झाली, अर्थात त्याच्यावर इतरही बरंच होतं.

आता दुसरा. हाइन्झ एक, पाणबुडीचा कप्तान, यू-८५२. १३ मार्च १९४४ च्या रात्री अटलांटिकमध्ये त्याने पेलेउस हे ग्रीक मालवाहू जहाज बुडवलं. इथपर्यंत ठीक, म्हणजे युद्धात ठीक. पण जहाज फुटल्यावर तराफे, फळ्या, लाकडं पाण्यावर तरंगत राहतात, सकाळी शत्रूचं विमान आलं की त्याला कळणार की इथे पाणबुडी आहे. म्हणून त्याने ठरवलं की खुणा पुसायच्या, आणि तराफ्यांवर मशीनगन चालवली, ग्रेनेड टाकले. तराफ्यांना धरून माणसं होती. ३५ जणांपैकी तिघंच शेवटी जिवंत हाती लागले, तेही महिन्याभराहून जास्त समुद्रात काढून. पाणबुडीवरच्या डॉक्टरनेही बंदूक चालवली, डॉक्टरने! त्यालाही कप्तानाबरोबरच गोळ्या घातल्या, ३० नोव्हेंबर १९४५ ला.

बचाव काय, तर ‘ऑपरेशनची गरज’, माझी बोट आणि माझी पोरं वाचवायची होती. आणि खरंतर भीती खोटी नव्हती, विमानं येतच होती. पण ब्रिटिश लष्करी कोर्टात मुद्दा असा निघाला की बाबा, तुला जीवच वाचवायचा होता तर तू पाच तास तिथेच घिरट्या घालत कसा बसलास? अंधारात पूर्ण वेगाने लांब निघून जायचं की नाही? शिवाय तराफे बुडाले तरी तेलाचा तवंग आणि बारीकसारीक कचरा उरणारच होता.

तर फरक कुठे पडला? माझ्या मते दोन जागी, आणि पहिली जास्त महत्त्वाची. हेगच्या १९०७ च्या नियमांत शत्रूच्या मालमत्तेबद्दल कलम २३ (ग) आहे, त्यात लिहिलंय की मालमत्ता नष्ट करू नका, युद्धाच्या निकडीने भागच पाडलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे नियमानेच दरवाजा ठेवलाय. रेंडुलिक त्या दरवाजातून गेला. पण असहाय झालेल्या, पाण्यात पडलेल्या माणसाला मारू नका या नियमाला असा दरवाजाच नाही, तिथे भिंत आहे. ज्यांनी नियम लिहिले त्यांनी गरजेचा विचार आधीच करून काही ठिकाणी जागा सोडली आणि काही ठिकाणी नाही सोडली, त्यामुळे जिथे सोडली नाही तिथे तू ‘पण गरज होती’ म्हणून परत तोच पत्ता टाकू शकत नाहीस, तो एकदा खेळून झालाय. रेंडुलिकच्याच निकालात कोर्टाने म्हटलंय की नियम पाळल्यामुळे लढाई हरावी लागली, अगदी युद्ध हरावं लागलं तरी ते पाळायचे. लोक निकालाचं हे वाक्य विसरतात आणि फक्त सुटका लक्षात ठेवतात.

दुसरा फरक घिरट्यांचा. ज्याला खरंच गरज असते तो माणूस गरजेप्रमाणे वागलेला दिसतो. पाच तास!

तरी तुझ्या मनात रुखरुख राहणार, माझ्याही राहते. ११,००० घरं जाळली आणि ‘प्रामाणिक चूक’. मला तो निकाल तत्त्व म्हणून पटतो पण त्या केसला लावताना कोर्टाने जनरलच्या शब्दावर जरा पटकन विश्वास ठेवला असं वाटतं, हिटलरचा सरसकट हुकूम होता म्हणजे प्रत्येक गावाचा वेगळा विचार कुठे झाला? आजच्या नियमांत हल्ल्याच्या आधी शक्य तेवढी खात्री करून घ्यायची जबाबदारीच कमांडरवर टाकलीय, ‘मला वाटलं’ म्हणून भागत नाही, ‘वाटायच्या आधी काय काय तपासलं’ हेही विचारतात.

समजा सहा जणांची तुकडी शत्रूच्या हद्दीत खोल गेलीय आणि चार शत्रूसैनिक शरण आले. सोबत नेता येत नाही, राखण ठेवायला माणूस नाही, सोडलं तर ते जाऊन सांगणार. मग काय करायचं, सांगा बरं?

सोडायचं.

मला माहीत आहे हे उत्तर वाचून तुम्ही पान आपटणार. पण हे माझं मत नाही, १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम ४१ मध्ये तुमचीच परिस्थिती लिहिलेली आहे, की नेहमीपेक्षा वेगळ्या परिस्थितीत पकडलं आणि मागे नेता येत नसेल तर सोडून द्या, वर त्यांच्या सुरक्षिततेची शक्य ती काळजी घ्या. हत्यारं काढून घ्या, रेडिओ काढून घ्या, बूट काढून घेतले तर वाद घालता येईल. पण मारायचं नाही.

गंमत म्हणजे लीबरला विचारलं असतं तर त्याने वेगळं उत्तर दिलं असतं. त्याच्या ६० व्या कलमात होतं की फारच बिकट प्रसंगी, स्वतःचा जीव वाचवायला कैदी बाळगणं अशक्य असेल तर कमांडर ‘कैदी घेऊ नका’ म्हणू शकतो. नेपोलियनने १७९९ मध्ये जाफाला हजारो कैदी मारले तेव्हाही खायला कुठून घालू हेच कारण पुढे केलं होतं. मग १८९९ मध्ये हेगला ‘कुणालाही जिवंत सोडणार नाही’ असं जाहीर करणंच बंद झालं, आणि पुढे हा उरलेला दरवाजाही चिणला. का, तर कैदी सांभाळणं कुठल्याही सैन्याला नेहमीच गैरसोयीचं असतं, हा दरवाजा उघडा ठेवला असता तर त्यातून रोजच कुणी ना कुणी गेलं असतं.

हॉस्पिटलमध्ये शत्रू लपला असेल तर हॉस्पिटलवर हल्ला करता येतो की नाही? एका ओळीत सांगा, टीव्हीवर दोन बाजूंचे दोघं दोन उत्तरं देतात.

एका ओळीत नाही होणार. जखमी शत्रूसैनिक आत खाटेवर आहेत म्हणून हल्ला करता येत नाही. त्यांची काढून ठेवलेली हत्यारं आत सापडली म्हणूनही नाही. स्टाफकडे स्वतःच्या आणि पेशंटच्या बचावापुरती साधी हत्यारं असली तरी नाही. हॉस्पिटलचं संरक्षण जातं ते तिथून शत्रूला इजा करणारं काम चालू असेल तरच, म्हणजे गच्चीवरून गोळीबार, तळघरात कमांड पोस्ट असलं काही. आणि तेव्हाही आधी इशारा द्यायचा, जिथे योग्य असेल तिथे वाजवी मुदत द्यायची, आणि इशारा देऊनही ऐकलं नाही तरच. एवढं झाल्यावरही आतले पेशंट काही सैनिक होत नाहीत, त्यामुळे पुढच्या प्रश्नातला हिशोब तिथेही करावाच लागतो.

टीव्हीवरचे दोघं काय करतात, एक जण पहिलं वाक्य सांगतो आणि दुसरा चौथं, मधली कुणीच सांगत नाही. आणि अँकर ब्रेक घेतो.

सैनिकी फायद्यासाठी किती नागरिक मेले तर ‘चालतात’? आकडा आहे का? – आकडा असेल तर लाज वाटली पाहिजे असं वाटणारा

आकडा नाही. कायद्यात वाक्य आहे, १९७७ च्या प्रोटोकॉलच्या कलम ५१ मध्ये: हल्ल्यातून जो ठोस आणि थेट लष्करी फायदा अपेक्षित आहे त्याच्या मानाने नागरिकांचं नुकसान अवाजवी होणार असेल तर हल्ला करायचा नाही. अपेक्षित, म्हणजे आधीचा अंदाज धरायचा, नंतरचा निकाल नाही. मुद्दाम नागरिकांनाच टार्गेट करणं तर कुठल्याच फायद्यासाठी चालत नाही, हा हिशोब फक्त खऱ्या लष्करी टार्गेटच्या आजूबाजूला जे सापडतात त्यांचा.

तुमचा राग समजतो. माणसं आणि फायदा एका तराजूत घालायचे, वजनं कुठली वापरायची? याचं उत्तर जगात कुणाकडेच नीट नाही आणि कोर्टंही अडखळतात. बोस्नियातल्या मोस्तार शहराचा जुना पूल घ्या. १५६६ चा, एकाच कमानीचा दगडी पूल, नदीवर असा उभा की पोरं त्यावरून उड्या मारायची. ९ नोव्हेंबर १९९३ ला क्रोएट सैन्याने रणगाड्याच्या तोफेने पाडला. हेगच्या युगोस्लाव्हिया युद्धगुन्ह्यांच्या कोर्टात २०१३ ला निकाल आला: पलीकडचं सैन्य पूल वापरत होतं म्हणून तो लष्करी टार्गेट होता हे खरं, पण त्याच पुलावर पूर्व मोस्तारच्या नागरिकांचा जीव टांगलेला होता, त्यामुळे पाडणं अवाजवी आणि गुन्हा. २०१७ ला अपिलात बहुमताने उलटं झालं: एकदा लष्करी टार्गेट म्हणालात आणि पाडल्याने फायदा झाला म्हणालात, तर मग ‘लष्करी गरजेशिवाय केलेला विध्वंस’ म्हणता येणार नाही. एका न्यायाधीशाचा मतभेद होता. मी मतभेदवाल्याच्या बाजूची आहे, कारण अपिलाच्या वाटेने गेलं तर टार्गेट ठरलं की तराजू बाहेर काढायचीच गरज उरत नाही. (हाच तो निकाल ज्यात आरोपी क्रोएट जनरल स्लोबोदान प्राल्याकने भर कोर्टात विष प्यायलं, त्यामुळे पुलाबद्दल काय ठरलं ते दुसऱ्या दिवशी कुणी वाचलंच नाही.) पूल २००४ ला परत बांधला.

आता पटापट.

*पळून जाणाऱ्या सैन्यावर हल्ला करणं भ्याडपणा नाही का?* भ्याडपणा असेल पण बेकायदा नाही. माघार म्हणजे शरणागती नव्हे, माघार घेणारा उद्या परत येतो. हत्यार टाकलं, हात वर केले, किंवा जखमी होऊन पडला, की मात्र हात लावायचा नाही.

*‘नरो वा कुंजरो वा’ हा आजच्या कायद्याने युद्धगुन्हा ठरेल का?* हा प्रश्न पाठवणाऱ्या आजोबांना माझा नमस्कार, दोन दिवस डोक्यात फिरत होता. माझं उत्तर असं की अश्वत्थामा मेला ही खोटी बातमी पसरवणं चालतं! शत्रूला चकवणं, अफवा सोडणं हे डावपेचात मोडतं. चालत नाही ते म्हणजे कायद्याच्या संरक्षणाचा खोटा आव आणणं, पांढरं निशाण दाखवून जवळ जायचं आणि गोळी घालायची, किंवा रेडक्रॉसच्या गाडीतून बंदुका न्यायच्या. तर धर्मराज सुटला. अडकेल तो धृष्टद्युम्न, कारण द्रोणांनी तोवर शस्त्र खाली ठेवलं होतं, ध्यान लावून बसले होते, आणि त्याने त्यांचं डोकं उडवलं. आपण इतकी वर्षं चुकीच्या माणसावर चर्चा करतोय.

*अणुबॉम्ब कुठल्या गरजेत बसतो?* ८ जुलै १९९६ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की साधारणपणे युद्धाच्या नियमांत बसणार नाही, पण एखाद्या देशाचं अस्तित्वच धोक्यात असेल अशा टोकाच्या स्वसंरक्षणात काय, ते आम्ही ठामपणे सांगू शकत नाही. मतं ७ विरुद्ध ७ पडली आणि अध्यक्षाच्या निर्णायक मतावर ठरलं. म्हणजे वर काकांना जे सांगितलं, की गरजेला वेगळा दरवाजा नाही, त्याला सगळ्यात मोठ्या कोर्टाने सगळ्यात मोठ्या हत्याराच्या बाबतीत एक फट ठेवून दिलीय. काका खूश होतील.

जाता जाता माझी चूक: मागच्या अंकात मी लिहिलं की शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या डमडम गोळ्यांवर बंदी जिनिव्हा कराराने आली. साफ चूक, तीन जणांनी कान धरला. ती १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने आली. डमडम हे नाव कलकत्त्याजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यावरून पडलंय, गोळी ब्रिटिशांची, आणि १८९९ ला ब्रिटनने सही केली नाही, ती केली १९०७ मध्ये.